‘पोहोचलो’ आणि साडेतीन तास

“मुलगा टोकियोत नोकरी करतो, सतत कामात असतो, पण ‘इथे सगळेच असे राबतात’ म्हणतो. मी उगाच काळजी करते आहे का?” पुण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका हा प्रश्न घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांनी मोबाइल पुढे केला. मुलाचा ‘पोहोचलो’ एवढाच निरोप रोज रात्री नऊ-सव्वानऊला आलेला होता. जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. बेरीज करण्याचे धैर्य झाले नव्हते. माझ्यासमोर ती करताना त्या पावणेएकपाशी थांबल्या.

पुढे मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोललो. सहाला सुटणारे ऑफिस तो पावणेबाराला सोडत होता. जेवणाची वेळ वजा केली तरी महिन्याला शंभर तास जादा भरत होते. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला जपानीत ‘करोशी’ म्हणतात आणि तो रोखण्यासाठी तिथे 2014 साली स्वतंत्र कायदा झाला. हृदयविकार किंवा पक्षाघात कामामुळे झाला का, हे ठरवताना महिन्याला शंभर, किंवा दोन ते सहा महिन्यांच्या सरासरीने ऐंशी जादा तास, ही तिथली ठळक खूण मानली जाते. हे आकडे त्याला माहीत होते, मात्र आपल्याला ते लागू पडतात असे वाटत नव्हते.

त्याची भीती वेगळीच होती. इतरांआधी निघताना तिथे ‘ओसाकी नि शित्सुरेई शिमासु’ म्हणायचे असते, म्हणजे ‘तुमच्याआधी जाण्याचा उद्धटपणा करतो’. साहेब बसलेले असताना हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नसे. नुसते ‘नाही म्हणायला शिक’ सांगणे अशा वेळी निरर्थक असते, असे माझे मत आहे. म्हणून आधी आधार शोधला. महिन्याला ऐंशीहून अधिक जादा तास भरून थकवा साचलेल्या कर्मचाऱ्याने मागणी केली, तर डॉक्टरांशी भेट घडवणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याने तीन आठवडे टाळाटाळ केली आणि मग अर्ज दिला. डॉक्टरांच्या सूचनेवरून त्याचे काम कमी झाले, तेही आठवड्यातले दोनच दिवस.

त्यांपैकी पहिल्या दिवशी ‘पोहोचलो’ संध्याकाळी साडेपाचला आला. काहीतरी विपरीत घडले असावे, या धास्तीने आईंनी लगेच फोन लावला. तो भात लावत होता.