मुलाच्या सीबीसीत ‘रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट्स’

ताई, सहा वर्षांच्या मुलाला चार दिवस ताप-खोकला, आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, रिपोर्टच्या तळाशी ‘रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट्स दिसल्या’ अशी एक ओळ. ती गुगलवर टाकून तुम्ही थेट ल्युकेमियापर्यंत, म्हणजे रक्ताच्या कर्करोगापर्यंत पोहोचलात. मी ठाण्यात बावीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइडी बघतोय. पावसाळ्यात असे धास्तावलेले आईबाप हमखास काउंटरवर येतात.

लिम्फोसाइट म्हणजे संसर्गाशी लढणारी एक पांढरी पेशी. एरवी ती लाल पेशीएवढी किंवा किंचित मोठी असते. केंद्रक गच्च, गोल, भोवती निळी किनार जेमतेम. विषाणू अंगात शिरला की ती कामाला लागते, तीच ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. फुगून दुप्पट होते, केंद्रक वेडंवाकडं होतं, भोवतीचा फिकट निळा भाग पसरतो. शेजारी लाल पेशी आली तर तिच्या कडेला बिलगते आणि नेमकी तिथेच गडद दिसते. लेशमन नावाच्या रंगाने नीट रंगलेल्या स्लाइडवर हे बघायला मला अजूनही आवडतं. (आईसमोर हे बोलायचं नसतं, कळतं मला.)

ल्युकेमियाच्या ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी बहुधा एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. रिअ‍ॅक्टिव्ह पेशींचं तसं नाही, एकीसारखी दुसरी नसते. शंभर वर्षांपूर्वी यात मोठमोठे फसले होते. १९२३ मध्ये अमेरिकेत डाउनी आणि मॅकिनले यांनी या पेशींचे प्रकार नोंदवले, म्हणून जुने लोक अजून ‘डाउनी सेल’ म्हणतात.

आता तुमचे आकडे. हिमोग्लोबिन ११.९, प्लेटलेट २ लाख १० हजार, दोन्ही ठीक. लिम्फोसाइट ५८ टक्के ठळक अक्षरात आलेत, कारण छापलेली मर्यादा मोठ्यांची आहे. एकूण पांढऱ्या पेशी ८,४००, म्हणजे लिम्फोसाइट साधारण ४,९००. या वयाला चालतं.

सगळे विषाणू एकच खूण ठेवत नाहीत. कोविडच्या लाटेत लिम्फोसाइट मोजायला मिळायच्या नाहीत, पण ज्या मिळायच्या त्यांतल्या काही गडद निळ्या, केंद्रक एका बाजूला सरकलेलं. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीचं केंद्रकही कधी दोनच पाकळ्यांचं दिसायचं. डेंग्यूतही रिअ‍ॅक्टिव्ह पेशी भरपूर दिसतात, म्हणून ताप चालू असेपर्यंत आणि उतरल्यावरही दोन दिवस प्लेटलेटकडे लक्ष हवं.

एक विचारून घ्या: रक्त किती वाजता काढलं आणि स्लाइड कधी केली? एकदा घोडबंदर रोडच्या एका कलेक्शन सेंटरचा नमुना ट्रॅफिकमध्ये अडकून सहा तासांनी माझ्याकडे आला. जांभळ्या झाकणाच्या नळीत तेवढा वेळ राहिलेल्या पेशींत बुडबुडे पडतात, केंद्रकं फुटल्यासारखी दिसतात. मी नवीन होतो, ‘अ‍ॅटिपिकल’ (म्हणजे नेहमीसारख्या नसलेल्या पेशी) लिहून मोकळा झालो. लॅबच्या मॅडमनी ताजं रक्त मागवलं, स्लाइड स्वच्छ निघाली, आणि बोलणी मी खाल्ली.

रिपोर्ट तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. मानेत गाठी, अंगावर निळे डाग, पांढरेफटक पडणं किंवा हटता न हटणारा ताप असेल तर आजच. नाहीतर ते बहुधा दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करायला सांगतील. तेव्हा सकाळी लवकर आणि जिथे स्लाइड जागेवरच होते अशा लॅबमध्ये जा.