संमिश्र वारशावर प्रदर्शन मांडताना दोन्ही घराण्यांना समान न्याय कसा द्यावा?

आई-वडील वेगवेगळ्या समाजांतील असताना घरातील वस्तूंचे प्रदर्शन मांडायचे आणि त्यावर लिहायचे, तर दोन्ही बाजूंना समान जागा कशी द्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जागेची वाटणी करूच नये. मी पदव्युत्तर प्रबंधासाठी सध्या हेच काम करते आहे; माझे वडील रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्यातले आणि आई थेरोंड्याच्या कोळीवाड्यातली. एका भिंतीवर ज्यू आणि समोरच्या भिंतीवर कोळी, अशी मांडणी मलाही सुचवण्यात आली होती, पण घरातल्या वस्तू त्या वाटणीत बसत नाहीत.

आमच्याकडे एक पितळी ताट आहे. नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा हा नैवेद्याचा विधी करतात, तेव्हा भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे याच ताटात मांडली जातात, हिब्रू प्रार्थना होते आणि मग ते सर्वांना वाटले जाते. त्याच ताटाच्या काठावर मात्र टिंबाटिंबांनी कोरलेले नाव माझ्या कोळी आजोबांचे आहे, कारण ते आईच्या लग्नात माहेराहून आलेले भांडे आहे. ते कोणत्या भिंतीवर लावायचे? म्हणून मी वस्तू प्रसंगानुसार मांडल्या: उंबरठा, चूल, लग्न, मरण. दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी) आणि तिथलेच आंब्याच्या पानांचे तोरण त्यामुळे आपोआप शेजारी आले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपला संमिश्रपणा आई-वडिलांच्या लग्नापासून सुरू झाला, असे लिहू नये. बेने इस्रायली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून पडली, स्त्रिया मंगळसूत्र घालत आल्या, आणि वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी मुंबईत मराठी भाषांतरासह 1846 मध्येच छापली गेली होती. म्हणजे ज्याला आपण ‘एक बाजू’ म्हणतो, तीही मुळात एकपदरी नव्हती. प्रबंधाचा खरा विषय मला इथे सापडला.

खरे लेखन वस्तूखालच्या चिठ्ठीत होते, असे मला वाटते. तिथे साल आणि धातू यांच्याबरोबर ती वस्तू कोण वापरते, तिच्याविषयी कोण काय सांगते, हेही नावानिशी आणि त्यांच्या संमतीने लिहावे. आत्या आणि मावशी एकाच दागिन्याची हकिकत वेगवेगळी सांगत असतील, तर दोन्ही हकिकती छापाव्यात. त्यांतली एक निवडण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतलेला नाही.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. ते ओढून काढू नयेत, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट छायाचित्र घेऊन त्याची प्रत मांडावी. आणि नातेवाइकांकडून वस्तू घेताना लेखी पोचपावती द्यावी, तीत परतीची तारीख असावी आणि घरी गरज पडल्यास वस्तू मध्येच परत जाईल, अशी अटही असावी. मलिदा ठरला की आमचे ताट घरी जाते आणि तेवढे दिवस त्या जागी चिठ्ठीसोबत त्याचा फोटो राहतो.