रुग्णसंख्या सतत वाढत असलेल्या मोठ्या रुग्णालयाने धोरणात्मक नियोजन करताना सुरुवात नव्या खाटांपासून करावी का?

माझ्या मते नाही. आधी रुग्ण खाटेवर सरासरी किती दिवस राहतो, हे विभागवार तपासावे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार (रोज दाखल होणारे रुग्ण गुणिले सरासरी मुक्काम) दररोज 100 रुग्ण दाखल होत असतील आणि सरासरी मुक्काम 5 दिवसांचा असेल, तर सरासरी 500 खाटा व्यापलेल्या राहतात. हाच मुक्काम साडेचार दिवसांवर आला, तर एकही भिंत न बांधता 50 खाटा मोकळ्या होतात. मुक्काम लांबण्याचे कारण पुष्कळदा उपचार नसून तपासणी अहवालाची प्रतीक्षा, सुटीच्या दिवशी न मिळणारा डिस्चार्ज किंवा घरी काळजी घेण्याची न झालेली सोय हे असते.

मात्र सर्व खाटा भरलेल्या ठेवणे म्हणजे कार्यक्षमता नव्हे (हिशेब पाहणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते). खाटांचा वापर साधारण 85 टक्क्यांपलीकडे गेला, की आपत्कालीन विभागातील प्रतीक्षा झपाट्याने वाढू लागते. पूर्वनियोजित शस्त्रक्रिया आठवड्यातील मोजक्या दिवशी एकवटल्या असतील, तर त्या सर्व दिवसांत विभागल्यानेही हा ताण कमी होतो.

एवढे करूनही खाटा अपुऱ्या पडत असतील, तर विस्तार अवश्य करावा. परंतु परिचारिकांची भरती व प्रशिक्षण इमारतीच्या आधी सुरू व्हायला हवे.