वराहपालन : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या १२ माद्या आणि एक नर आहे. पाऊस पडून गारवा आल्यावर जूनमध्ये ८ माद्यांना नर दाखवला. त्यातल्या ५ उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. नर तर जोमात आहे. दोष माद्यांत आहे का? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : आधी नर तपासा. तो जोमाने उडी घेतो यावरून वीर्य चांगले आहे असे ठरत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ५ आठवडे आणि पक्व व्हायला आणखी १० दिवस लागतात. म्हणजे जूनमध्ये वापरलेले वीर्य मे महिन्यातल्या उन्हात तयार झालेले होते. शेडमध्ये पारा ३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिला, तरी वीर्य बिघडते; सोलापुरात तर मेमध्ये तो ४० ओलांडतो. नराला ताप येऊन गेला असेल, तरी हेच होते. पशुवैद्यकाकडून वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. तोवर दुसरा नर किंवा कृत्रिम रेतन वापरा.

तुम्ही तारखा कळवलेल्या नाहीत, आणि खरा उलगडा तिथेच होतो. मादी १८ ते २४ दिवसांनी उलटली, तर गर्भ धरलाच नाही किंवा अगदी सुरुवातीलाच गेला. २५ दिवसांनंतर, आडनिड्या दिवशी उलटली, तर धरलेला गर्भ जिरला. तेव्हा मादीला बसलेला उन्हाचा ताण किंवा आजार शोधावा लागतो. म्हणून नर दाखवल्यावर पहिले ३० दिवस मादीला सावलीतून हलवू नका, नव्या कळपात सोडू नका.

पुढच्या उन्हाळ्यासाठी मार्चमध्येच पत्र्यावर उसाचे पाचट टाका किंवा चुन्याचा जाड हात द्या. पाचट टाकल्यास आगीपासून जपा. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे अंग ओले करून वारा लागू देणे हाच उपाय. आपली हवा कोरडी असल्याने तो चांगला लागू पडतो. दुपारी १ ते २ मिनिटे फवारा, मग १५-२० मिनिटे बंद. पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. फवारा सतत चालू ठेवला तर फक्त जमीन चिखलते. नर सकाळी ७ च्या आत किंवा संध्याकाळच्या गारव्यात, खाद्य देण्यापूर्वी दाखवा. मादी पाठ दाबल्यावर स्थिर उभी राहू लागली की १२ तासांनी एकदा आणि २४ तासांनी पुन्हा.

पाजणाऱ्या माद्यांकडे मात्र आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. उकाड्यात त्या खात नाहीत, अंगावरचे मांस झडते, आणि पिल्लांचे दूध तोडल्यावर ४ ते ७ दिवसांत यायचा माज लांबतो. खाद्य पहाटे ५ ला आणि रात्री ८ नंतर द्या, ओलवून. निपलखाली (डुकरे तोंडाने दाबून पाणी पितात त्या तोटीखाली) बादली धरून मोजा : मिनिटाला २ लिटर पाणी पडलेच पाहिजे. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातले पाणी दुपारी चटका देते, मादी ते पीत नाही. पाइप जमिनीत गाडा, टाकीवर सावली करा.

प्रश्न : कृत्रिम रेतनाच्या बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर चालतील? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. वराहाचे वीर्य १७ अंशांना टिकते. फ्रीजच्या ४-५ अंशांत शुक्रजंतू मरतात, बाहेरच्या ३५ अंशांतही मरतात. थर्माकोलच्या डब्यात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची पिशवी आणि थर्मामीटर ठेवा. पारा १५ ते १८ मध्ये राहील असे पाहा. बाटली बर्फाला टेकू देऊ नका. दिवसातून दोनदा बाटली हळूच उलटी-सुलटी करा, हलवून फेस आणू नका. साध्या द्रावणातले (वीर्य टिकावे म्हणून त्यात मिसळतात त्या द्रावणातले) वीर्य ३ दिवसांच्या आत वापरा.