स्ट्रॉबेरीचा शेवटचा तोडा झाला. आता युरिया नको, टॉनिक नको

प्रश्न (कोल्हापूरच्या पन्हाळा, शाहूवाडी भागातून अनेकांनी विचारलेला): तोडा संपत आला आहे. फळ बारीक पडतंय, पानांच्या कडा करपल्या आहेत. दुकानदार म्हणतो ड्रीपमधून युरिया आणि टॉनिक सोडा, पुन्हा बहर येईल. सोडू का? रोपं ठेवू की काढू?

उत्तर: सोडू नका. बहर येणार नाही. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोझा या जाती लहान दिवसांत आणि थंडीत फुलतात. एप्रिलमध्ये दिवस मोठा झाला, रात्री तापल्या, की रोप फूल थांबवून रनर (नवी रोपं धरणारे लांब धावते फुटवे) टाकायला लागतं. कुठल्याही बाटलीनं हे उलटत नाही. युरियानं फक्त कोवळा पाला वाढतो आणि त्यावर लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) तुटून पडतो.

करपलेल्या कडा बघून दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यं खपवतो. बहुतेक रानांत कारण उलटं असतं: हंगामभर ड्रीपमधून सोडलेल्या खतांचे क्षार बेडमध्ये साठलेले असतात आणि स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. शिरोळची क्षारपड जमीन पाहिलेल्या माणसाला हे जास्त समजवायला नको. अशा रोपाला आणखी खत म्हणजे आणखी क्षार. विद्राव्य खतं बंद करा आणि दोन-तीन दिवस नुसतं पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवा. बेडचा निचरा चांगला असेल तरच. मग माती परीक्षण करून घ्या. अहवाल हातात येईपर्यंत दुकानाची पायरी चढू नका.

आता ठेवायची की काढायची. फळ दिलेलं सगळं रान राखण्यात अर्थ नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या पावसात जुन्या रोपांचे क्राऊन (जमिनीलगतचा गड्डा, जिथून पानं फुटतात) कुजतात आणि तोच रोग पुढच्या लागणीला मिळतो. राखायचीच असतील तर मोजकी, निरोगी रोपं मातृरोपं म्हणून, म्हणजे त्यांच्या रनरपासून नवी रोपं करायला, राखा. पानं मुरडलेलं, पिवळट चट्ट्यांचं, खुजं रोप मुळासकट उपटा.

राखलेल्या रोपांची जुनी पानं, वाळके देठ, कुजकी फळं कात्रीनं काढा. क्राऊनच्या इंचभर वरून कापा, मधली कोवळी दोन-तीन पानं तशीच ठेवा. पान ओरबाडू नका, क्राऊन फाटतो. हे काम एप्रिलमध्येच उरका. वळीव सुरू झाल्यावर कात्री लावली तर ताज्या जखमेतून करपा हा बुरशीचा रोग शिरतो. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी मेअखेरीस छाटणी करतं आणि जुलैमध्ये रिकामे बेड दाखवायला बोलावतं. काढलेला पाला बांधावर टाकू नका, लांब खड्ड्यात गाडा.

वर ५० टक्के शेडनेट, ड्रीपनं रोज थोडं पाणी. नवी पानं फुटल्यावरच १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत), एकरी दोन किलो, आठवड्यातून एकदा. आलेलं फूल खुडून टाका. रनर पिशवीत रुजवा आणि पावसात त्यांच्यावर प्लॅस्टिकचं छप्पर हवंच.

कोळीसाठी दुकानदार गंधक देईल. एप्रिल-मेच्या उन्हात गंधक मारू नका, पान भाजतं. एका पंपात तीन औषधं मिसळू नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मुरलेल्या शेणखतातून द्या, आणि त्याच्या मागेपुढे बुरशीनाशक ओतू नका. ओतलं तर ट्रायकोडर्माचे पैसे मातीत गेले.

बाकी रान मोकळं करा. मल्चिंग पेपर गोळा करा, नांगराखाली घालू नका, जाळू नका. आणि माझा आग्रहाचा मुद्दा: त्या रानात ताग हे हिरवळीचं खत (वाढवून मातीत गाडायचं पीक) करा. टोमॅटो, वांगी, मिरची नको, त्यांचे मुळांचे रोग स्ट्रॉबेरीलाही लागतात. पहिल्या पावसावर एकरी २० ते २५ किलो बी फेका. पाणी साचणाऱ्या रानात तागाऐवजी धैंचा घ्या. तागासारखं स्वस्त खत दुकानात मिळत नाही, म्हणून दुकानदार त्याचं नाव काढत नाही.

योजनेचं थोडक्यात: ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान, शेडनेटचा अर्ज वेगळा. दोन्ही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी खरेदी करू नका.

ताग ४५ ते ५० दिवसांत, फूल दिसायला लागताच गाडा. देठ जून झाला की लवकर कुजत नाही. गाडल्यावर तीन-चार आठवडे रान तसंच राहू द्या, मग बेड पाडा. सप्टेंबरअखेरीची लागण त्यात आरामात बसते.