पिंग होतो, पण नॅसवरचं फोल्डर उघडत नाही: पोर्ट आणि कनेक्शन कसं तपासायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सीताबर्डीच्या स्टुडिओतला नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली ठेवायचा डिस्कचा डबा, कालपर्यंत नीट चालत होता. दुपारी लाईट जाऊन आली तेव्हापासून फोल्डर उघडत नाही, पिंगला मात्र उत्तर येतं. मग पोर्ट बंद झालाय का, आणि ते बघायचं कुठे? लोकांच्या लग्नाचे फोटो आत आहेत, म्हणून सगळ्यात आधी एक विनंती. मागचं रीसेट बटण दाबू नका. काही मॉडेलवर ते दाबून धरलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग पुसली जाते, आणि मूळ बिघाड शोधणं आणखी अवघड होतं.

पिंग म्हणजे यंत्राला ‘आहेस का?’ अशी हाक, आणि पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या एकेका सेवेचं क्रमांक दिलेलं दार. पिंगला पोर्ट नसतो. त्या आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावर, कुठलं तरी यंत्र जिवंत आहे, एवढंच तो सांगतो. विंडोजमधून फोल्डर उघडतं ते एसएमबी या फाइली वाटायच्या पद्धतीने, टीसीपी पोर्ट ४४५ वरून. तेव्हा चौकशी ४४५ ची करायची. पॉवरशेल ही विंडोजची कमांड टाकायची खिडकी उघडा, ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड इंग्रजीत टाका, पुढे नॅसचा आयपी आणि ‘-पोर्ट ४४५’. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर पोर्ट उघडा आहे. ‘फॉल्स’ आलं तर त्याला किती वेळ लागला तेही बघा, कारण खरी माहिती तिथेच आहे. दोन-तीन सेकंदांत नकार आला तर समोरच्या यंत्राने ‘इथे अशी सेवा नाही’ असं साफ सांगितलंय. वीसेक सेकंद ताटकळून ‘फॉल्स’ आलं तर तुमचा निरोप मध्येच गडप होतोय, आणि अशा वेळी बहुतेकदा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची वाहतूक अडवणारी चाळणी, आडवी आलेली असते. स्टुडिओत अ‍ॅपलचा मॅक कॉम्प्युटर असेल तर ‘एनसी’ कमांड हाच फरक ‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ अशा शब्दांत दाखवते.

लाईट गेल्यानंतर हे सुरू झालं म्हणता, म्हणून माझा पहिला संशय वेगळाच आहे. पिंगला उत्तर देणारा तुमचा नॅसच आहे का?

धरमपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी यात अख्खी दुपार घालवली आहे. तिथेही पिंग व्यवस्थित, ४४५ ला लगेच नकार. मी नॅसची सेवा बंद पडली असं धरून बसलो होतो. लाईट आल्यावर राउटर आधी उठला, नॅसला सुरू व्हायला काही मिनिटं लागली, आणि तेवढ्यात नॅसचा जुना आयपी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला मिळाला. आम्ही डीव्हीआरला पिंग करत होतो आणि नॅसवर आळ घेत होतो! ते कळलं कसं, तर ‘एआरपी -ए’ या कमांडने. तिच्यात प्रत्येक आयपीसमोर त्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक, दिसतो. तो नॅसच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवरच्या मॅकशी ताडून बघा. दोन लॅन पोर्टच्या, म्हणजे केबलच्या दोन खाचांच्या, नॅसला दोन मॅक असतात, त्यामुळे दोन्ही बघा. जुळला नाही, तर पोर्टची चौकशी तिथेच थांबवा. राउटरच्या यादीत नॅसचा नवा आयपी शोधा आणि तो त्याच्या मॅकसाठी राखून ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. आयपी राखला नाही तर हे पुन्हा होणार.

मॅक जुळला, तर आता नॅसच्या आतून बघायचं. ब्राउझरमधून त्याचं पॅनल उघडा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसचं पॅनल मुळात ५००० किंवा ५००१ पोर्टवर असतं. पॅनल उघडलं म्हणजे नॅस जागा आहे, प्रश्न फक्त फाइल सेवेचा. एसएमबी चालू आहे का ते तिथेच दिसेल. एसएसएच, म्हणजे दुरून आत शिरून कमांड चालवणं, येत असेल तर आत जाऊन ‘एसएस -टीएलएन’ चालवा. ४४५ समोर ‘लिसन’ दिसलं म्हणजे सेवा वाट बघत बसली आहे. आतून ‘लिसन’ आणि बाहेरून नुसतं ताटकळणं, असं एकत्र दिसलं की दोष फायरवॉलचा, मग ती मधली असो की नॅसवरची; फाइल सेवेला हात लावायची गरज नाही. आतूनच ४४५ दिसत नसेल तर सेवा बंद आहे, ती पॅनलमधून चालू करा. दोन्ही टोकांनी बघितल्याशिवाय कुठलीही सेटिंग बदलू नका, हे मी कळकळीने सांगतोय.

विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएन’ चालवलं की चालू कनेक्शनची अवस्था कळते. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे जोडणी झालेली आहे. फोल्डर उघडायचा प्रयत्न चालू असताना ४४५ समोर ‘सिन-सेंट’ अडकून राहिलं तर तुमची हाक गेली, उत्तर आलं नाही. जोडणी होऊनही फोल्डर नाकारलं जात असेल तर पासवर्डकडे वळा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डविना, म्हणजे ‘गेस्ट’ म्हणून जाणं प्रो आवृत्तीतही मुळातच बंद असतं.

केबलकडेही एक नजर टाका, कारण फोटोग्राफरना हा त्रास हमखास होतो: फोल्डर उघडतं, पण कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. तेव्हा लिंक १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर जुळलेली असते. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली तार तुटली तरी दिवा लागतोच. नॅसच्या पॅनलमध्ये वेग आकड्यात दिसतो, तो वाचा. आणि कुलर नॅसपासून लांब ठेवा. त्याच्या ओलसर हवेने कनेक्टरच्या पिना काळवंडलेल्या मी इथे दर मे महिन्यात बघतो.

घरून फोटो बघता यावेत म्हणून राउटरवर ४४५ बाहेर उघडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच पोर्टवरून पसरला होता. बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, लावा.

आता आधी ‘एआरपी -ए’ चालवा, स्टिकर वाचा. आयपी बदललेला निघाला तर जुनी मॅप केलेली ड्राइव्ह तोडून नव्या आयपीने पुन्हा जोडा. फोटो जागेवरच असतील.