‘डिस्कचं स्थलांतर’ की ‘नावबदल’?

विचारणा अशी आहे : एचपी-यूएक्स या एचपीच्या सर्व्हर-प्रणालीवर चालणाऱ्या क्लस्टरसाठी, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांसाठी, मराठीत कामाची पुस्तिका लिहायची आहे. सर्व्हर ज्या नावांनी डिस्क ओळखतो ती जुनी डिव्हाइस-नावं सोडून नवी घेण्याच्या कामाला इंग्रजीत मायग्रेशन म्हणतात, तर मराठीत ‘स्थलांतर’ म्हणावं का? आणि लेगसी (जुनी) नावं, पर्सिस्टंट (टिकून राहणारी) नावं, मल्टिपाथिंग (एका डिस्ककडे अनेक वाटांनी जोडणी) यांना काय म्हणावं?

स्थलांतर नको, हे आधी सांगतो. स्थलांतर, रूपांतर, वेषांतर या शब्दांत ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’. स्थलांतरात बिऱ्हाड हलतं, जागा बदलते. इथे एक बाइटही हलत नाही. डेटा त्याच डिस्कवर, डिस्क त्याच कपाटात. सर्व्हर तिला वेगळ्या नावानं ओळखू लागतो, इतकंच. आमच्याकडे एका रात्रीच्या कामाच्या कागदावर ‘डिस्क स्थलांतर’ असं छापलं होतं. ते वाचून ड्यूटीवरच्या सहकाऱ्यानं नवी डिस्क कुठली, तिच्यावर जागा किती मोकळी आहे, याचा शोध घेण्यात अर्धा तास घालवला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. शब्दानं जे सांगितलं, तेच त्यानं ऐकलं.

व्याकरणानं ‘नामांतर’ अचूक बसतो. पण महाराष्ट्रात हा शब्द कोरा नाही. १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४च्या नामविस्तारापर्यंत मराठवाडा विद्यापीठासाठी जो लढा झाला, त्यात माणसांनी जीव दिले. तो शब्द डिस्कच्या नावांना लावायला माझं मन घेत नाही. ‘नावबदल’ साधा आहे, कुणालाही कळतो. तोच घ्यावा.

आता लेगसी आणि पर्सिस्टंट. इथे शब्दाआधी वस्तू नीट बघू. जुनं नाव ‘सी४टी०डी१’ असं असतं : सी म्हणजे कंट्रोलर, टी म्हणजे टार्गेट, डी म्हणजे त्यामागचं युनिट. थोडक्यात, हे डिस्कचं नाव नव्हे, डिस्ककडे जाणाऱ्या वाटेचं वर्णन आहे. एका डिस्ककडे चार वाटा असल्या की नावंही चार. आपल्या घरातली एकच बाई कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाची वहिनी असते, तसं. हाक कोण मारतो, कुठल्या नात्यानं मारतो, यावर नाव ठरतं. २००७मध्ये आलेल्या एचपी-यूएक्सच्या ११आय व्ही३ आवृत्तीनं त्या बाईला तिचं स्वतःचं नाव दिलं : ‘डिस्क१४’. ते डिस्कच्या अंगच्या ओळखक्रमांकाला बांधलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा, नाव तेच राहतं.

म्हणून पर्सिस्टंटला ‘शाश्वत’ किंवा ‘चिरंतन’ म्हणू नये. क्लस्टरमध्ये तर ते सरळ दिशाभूल करेल. नावातला आकडा प्रत्येक सर्व्हर आपापला देतो. एका नोडवरची (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवरची) ‘डिस्क१४’ शेजारच्या नोडवर ‘डिस्क२२’ असू शकते. जे दुसऱ्या यंत्रावर बदलतं त्याला शाश्वत कसं म्हणायचं? ते वाटेवर अवलंबून नाही, एवढंच खरं. मी ‘मार्गनिरपेक्ष नाव’ लिहितो. शब्द लांब आहे, पण खोटं बोलत नाही. रोजच्या बोलण्यात ‘नवं नाव’ पुरतं. पुढे सर्व्हिसगार्ड या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ११.२० आवृत्तीत सगळ्या नोडवर एकच राहील असं तिसऱ्या प्रकारचं नाव आलं, त्याला मात्र ‘सामाईक नाव’ म्हणावं. सामाईक बांध, सामाईक विहीर या शब्दांत जो अर्थ आहे, तोच इथे हवा आहे.

लेगसीला ‘वारसा’ नकोच. वारसा आपण जपतो. इथे नवी नावं रुळली की जुनी काढूनच टाकायची असतात. ‘जुनं नाव’ म्हणा. सातबाऱ्याच्या कामात ‘जुना सर्व्हे नंबर, नवा गट नंबर’ असं जोडीनं लिहिण्याची सवय आपल्याला आहेच. ‘आयोस्कॅन’ ही आज्ञा जुन्या-नव्या नावांचा असाच जोडतक्ता काढून देते. तो कामाआधी प्रत्येक नोडवर छापून ठेवावा.

मल्टिपाथिंगला ‘बहुमार्गी जोडणी’ चालेल. मात्र ‘पर्यायी मार्ग’ वेगळा राखा. जुन्या एलव्हीएममध्ये (डिस्कवरच्या जागेची व्यवस्था बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक वाट चालू आणि बाकीच्या राखीव असत. पर्यायी ते तेव्हाचं. ११आय व्ही३मध्ये प्रणाली स्वतःच सगळ्या वाटांवर काम वाटते, आणि मूळ मांडणी बदलली नसेल तर जुन्या नावानं मागितलं तरी वाटते. तिथे पर्यायी काही उरत नाही.

तुमच्या पुस्तिकेतलं वाक्य मी असं लिहीन (व्हॉल्यूम ग्रुप म्हणजे एकत्र हाताळायचा डिस्कांचा गट, आणि लॉक डिस्क म्हणजे नोडांचा आपसातला संपर्क तुटला तर क्लस्टर कुणाकडे राहील ते ठरवणारी डिस्क) : ‘दोन्ही नोडवर व्हॉल्यूम ग्रुपमधल्या डिस्कांचा नावबदल करा, मग क्लस्टरच्या मांडणी-फायलीत लॉक डिस्कचं जुनं नाव राहिलं आहे का, ते प्रत्येक नोडसाठी वेगळं तपासा.’